एकाच पल्सचे दोन भाग: अतिलघु लेझरची साठ वर्षं

संशोधनासाठीच्या मुलाखतीत तुम्ही सांगितलंत की, "मला फेम्टोसेकंद लेझरवर काम करायचंय," तर समोरून एक प्रश्न येऊ शकतो: "पल्स १०० फेम्टोसेकंदांचीच आहे, हे तुम्हाला कसं कळलं?" लेझरसोबत आलेल्या पुस्तिकेत तसं छापलंय, हे उत्तर तिथे चालत नाही. पुस्तिका लिहिणाऱ्याला तरी कसं कळलं, हा पुढचा प्रश्न असतोच.

प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. १९६० च्या दशकात जगातल्या उत्तम प्रयोगशाळा याच प्रश्नावर अडखळल्या होत्या. पल्स मोजायची कशी, मग ती दुभागायची कशी, आणि शेवटी तिला हवा तो आकार द्यायचा कसा, या तीन प्रश्नांतून हे सगळं क्षेत्र उभं राहिलं. त्यातला एक धागा आपल्या मुंबईत, कुलाब्यापर्यंत येतो. तो धागा आज पकडू या.

आधी थोडे आकडे

एका सेकंदाचे, एकावर पंधरा शून्यं दिल्यावर जी संख्या येते, तेवढे भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. १०० फेम्टोसेकंद आणि एक सेकंद यांचं जे प्रमाण आहे, तेच एक सेकंद आणि सुमारे ३ लाख १७ हजार वर्षं यांचं. मी हे वसईच्या एव्हरशाईन सिटीत बसून लिहितोय. इथून जवळच्या वसई रोड स्टेशनपासून चर्चगेट साधारण ५० किलोमीटर. प्रकाशाला एवढं अंतर कापायला १७० मायक्रोसेकंदसुद्धा लागत नाहीत. आणि १०० फेम्टोसेकंदांत तोच प्रकाश फक्त ३० मायक्रोमीटर पुढे सरकतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. म्हणून "१०० फेम्टोसेकंदांची पल्स" म्हणजे हवेतून उडत जाणारी, केसापेक्षा पातळ अशी प्रकाशाची एक चकती, असं चित्र डोळ्यांसमोर ठेवा. पुढचं सगळं त्यावरून सोपं होतं.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवायची ती रंगांची. पल्स जितकी आखूड, तितके तिच्यात रंग जास्त. हा फूरिए गणिताचा नियम आहे, त्यातून सुटका नाही. ८०० नॅनोमीटरच्या आसपासच्या १०० फेम्टोसेकंदांच्या पल्सला किमान ९ ते १० नॅनोमीटर रुंदीचा वर्णपट लागतो. १० फेम्टोसेकंदांची हवी असेल तर ९० हून अधिक. पण उलट नियम खरा नाही, हे पक्कं लक्षात घ्या. वर्णपट रुंद आहे म्हणून पल्स आखूड आहेच, असं होत नाही. ते रंग एकाच वेळी, एका तालात यावे लागतात. विजेच्या बल्बचा वर्णपट कुठल्याही लेझरपेक्षा रुंद असतो, म्हणून काही तो फेम्टोसेकंद पल्स देत नाही.

पहिला प्रश्न: मोजायचं कशाने?

१९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये हारग्रोव्ह, फोर्क आणि पोलॅक यांनी हेलियम-निऑन लेझरमधल्या वेगवेगळ्या कंपनांना एका तालात बांधलं. यालाच मोड-लॉकिंग म्हणतात. (त्याच वर्षी त्याच संस्थेत बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर जगासमोर आणला. त्याच वर्षी आपल्याकडे ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्रातही सेमीकंडक्टर लेझर तयार झाला.) १९६६ मध्ये डिमारिया आणि सहकाऱ्यांनी निओडिमियम काचेच्या लेझरमधून याहून फार आखूड पल्सेस काढल्या. त्या काही पिकोसेकंदांच्या असाव्यात, म्हणजे फेम्टोसेकंदांच्या हिशेबात काही हजारांच्या.

"असाव्यात" म्हणायचं कारण उघड आहे. त्या काळचा कुठलाही फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोप इतका चपळ नव्हता. एखादी घटना मोजायची तर तिच्याहून आखूड घटना हाताशी लागते, आणि इथे तर माणसाला बनवता येणारी सर्वांत आखूड घटनाच मोजायची होती. मग उरतो एकच उपाय: पल्स स्वतःवरच मोजायची.

म्हणजे काय करायचं? बीम स्प्लिटरने तिचे दोन भाग करायचे. एक भाग थेट जाऊ द्यायचा, दुसरा एका सरकत्या आरशावरून वळसा घालून आणायचा आणि दोघांची परत गाठ घालायची. आरसा एक मायक्रोमीटर सरकवला की जाऊन-येऊन दोन मायक्रोमीटरचा फरक पडतो, म्हणजे सुमारे ६.७ फेम्टोसेकंद. वेळ मोजायचं काम असं अंतर मोजण्यावर येतं, आणि मायक्रोमीटर मोजणं तर कारखान्यातल्या फिटरलाही जमतं.

पण इथे एक खाच आहे, आणि ती मुलाखतीतही विचारतात. साध्या मायकेल्सन इंटरफेरोमीटरमध्ये दोन भाग एकत्र आणून व्यतिकरणाच्या पट्ट्या पाहिल्या, तर त्यातून पल्सची लांबी कळत नाही. कळतो तो फक्त वर्णपट. १० फेम्टोसेकंदांची नीटस पल्स आणि त्याच वर्णपटाची, पण पसरून पिकोसेकंदाची झालेली पल्स, या दोघींच्या पट्ट्या अगदी सारख्या दिसतील. म्हणून मध्ये एक अरेषीय प्रक्रिया घालावी लागते. उदाहरणार्थ, दोन्ही भाग एकत्र आल्यावरच दुप्पट वारंवारतेचा प्रकाश देणारा स्फटिक. दोन चकत्या एकमेकींवर आल्या की तो प्रकाश वाढतो, सरकल्या की कमी होतो. यालाच ऑटोकोरिलेशन म्हणतात.

१९६८ चा धडा

१९६७ मध्ये बेल लॅब्समधल्या जिऑर्डमेन, रेंट्झेपिस, शापिरो आणि वेख्ट यांनी याहून सोपी युक्ती काढली. पल्सचे दोन भाग एका रंगद्रव्याच्या द्रावणात समोरासमोरून सोडायचे. जिथे ते एकमेकांना भेटतात तिथे द्रावण जास्त चमकतं. कॅमेऱ्याने फोटो काढायचा, चमकत्या ठिपक्याची रुंदी मोजायची, झालं. पद्धत इतकी सोपी की ती भराभर पसरली, आणि आखूड पल्सेसचे दावे येऊ लागले.

मग शंका निघाली. समजा लेझरमधून पल्स येतच नाहीये, नुसता तालाविना गोंधळ येतोय. त्या गोंधळाचे दोन सारखे भाग केले आणि समोरासमोर सोडले तर? बरोबर मध्यावर, जिथे दोन्ही भाग शून्य अंतराने भेटतात, तिथे गोंधळाचा प्रत्येक चढ स्वतःच्याच चढावर येतो. कुठलीही गर्दी कितीही अस्ताव्यस्त असो, ती स्वतःसारखी तर असतेच. म्हणून गोंधळातसुद्धा मध्यावर एक बारीक, सुबक ठिपका चमकतो. त्याची रुंदी मोजली की "पिकोसेकंद पल्स" मिळाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात मोजली जाते ती फक्त वर्णपटाची रुंदी.

१९६८ मध्ये क्लॉडर, ड्युगे, जिऑर्डमेन आणि शापिरो यांनी याचा हिशेब मांडून दाखवला. नावं नीट बघा: यातले दोघे मूळ पद्धत काढणाऱ्यांतलेच होते. त्यांचं म्हणणं असं, की नुसती रुंदी बघू नका, उंचीचं प्रमाण बघा. खरी, एकटी पल्स असेल तर मध्यावरची चमक आजूबाजूच्या चमकेच्या तिप्पट हवी. नुसता सततचा गोंधळ असेल तर ती दीडपटच भरेल. तीन आणि दीड, एवढाच फरक. पण तो मोजण्याऐवजी केवळ रुंदी बघून केलेले दावे त्यानंतर पुन्हा तपासावे लागले.

ही सवय आजही टिकून आहे. व्यतिकरणासह ऑटोकोरिलेशन घेतलं तर मध्य आणि कडा यांचं प्रमाण ८ ला १ यायला हवं. ते आलं नाही, तर जुळणी किंवा मोजणी यातलं काहीतरी बिनसलंय. नव्वदच्या दशकात ट्रेबिनो आणि केन यांची फ्रॉग पद्धत आली, १९९८ मध्ये आयकोनिस आणि वॉल्म्सली यांची स्पायडर आली. यांतून लांबीच नव्हे, तर पल्सचा पूर्ण आकार आणि तिच्यातल्या रंगांचा ताल कळतो. पण मूळ कृती तीच राहिली: दुभागा, सरकवा, पुन्हा भेटवा.

दुसरा प्रश्न: दुभागताना ती बिघडते, त्याचं काय?

व्यतिकरण म्हटलं की हल्ली आपल्याला हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणारी लायगो-इंडिया आठवते. तिथे चार-चार किलोमीटरचे दोन हात असतील, पण लेझर अखंड वाहणारा असेल. आपला प्रश्न निराळा आहे. आपल्याकडे केसापेक्षा पातळ चकती आहे. एका हातात ती ५० मायक्रोमीटर मागे पडली, तर दोन चकत्यांची भेटच चुकली.

त्यात भर काचेची. बीम स्प्लिटर काचेचा असतो, आणि काचेत तांबडा रंग निळ्यापेक्षा वेगाने जातो. लोकलचंच उदाहरण घ्या. दहा मित्र चर्चगेटला एकत्र निघाले, काही फास्टमध्ये चढले, काही स्लोमध्ये. वसईला ते एकत्र उतरणार नाहीत. तसंच पल्सचं होतं. हिशेब करून बघा: १० फेम्टोसेकंदांची पल्स एक सेंटीमीटर साध्या क्वार्ट्झ काचेतून गेली, तर बाहेर पडताना ती सुमारे १०० फेम्टोसेकंदांची झालेली असते. तीच काच १०० फेम्टोसेकंदांच्या पल्सला जवळपास काहीच करत नाही, अर्धा टक्काच फरक पडतो. हा विरोधाभास पहिल्यांदा ऐकताना चक्रावायला होतं. पण आखूड पल्समध्ये रंग जास्त, म्हणून शर्यतही जास्त, एवढंच कारण. म्हणूनच दोन्ही हातांत काच सारख्याच जाडीची ठेवावी लागते. एका हातात प्रकाश काचेतून एकदा आणि दुसऱ्यात तीनदा जात असेल, तर पहिल्या हातात भरपाईची काच घालायची.

पसरलेली पल्स परत आवळता येते का? येते. १९६९ मध्ये ट्रेसी यांनी दाखवलं, की दोन ग्रेटिंग समोरासमोर ठेवले की तांबड्या रंगाला लांबचा रस्ता पडतो आणि निळ्याला जवळचा. फास्टने आलेल्यांना पुलावरून लांब वळसा घालायला लावलं, की सगळे पुन्हा एकत्र होतात, तसंच. याच कल्पनेला उलटं वापरून १९८५ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मूरू यांनी पल्स आधी पसरवली, मग तिची शक्ती वाढवली आणि शेवटी आवळली. स्ट्रिकलंड तेव्हा पीएचडीच्या विद्यार्थिनी होत्या. त्या कामाला २०१८ चं नोबेल मिळालं. १९८७ मध्ये बेल लॅब्समध्ये ६ फेम्टोसेकंदांची पल्स निघाली, तीसुद्धा ग्रेटिंग आणि प्रिझम दोन्हींनी आवळूनच.

तिसरा प्रश्न: आकारच आपण ठरवला तर?

ग्रेटिंगने रंग वेगळे होतात, हे एकदा हाती आल्यावर पुढची उडी स्वाभाविक होती. रंग वेगळे झालेले असतानाच त्यांच्यात ढवळाढवळ करायची. एक ग्रेटिंग, एक भिंग, मध्ये मुखवटा, मग पुन्हा भिंग आणि ग्रेटिंग. मुखवट्यावर प्रत्येक रंग आपल्या वेगळ्या जागी पडतो. तिथे कुणाला थोडं थांबवायचं, कुणाला अडवायचं, आणि सगळ्यांना परत एकत्र करायचं. बाहेर पडणारी पल्स वेगळ्याच आकाराची असते. फ्रोली यांच्या फ्रेंच गटाने १९८३ च्या सुमारास पिकोसेकंद पल्ससाठी हे केलं. हेरिटेज, वायनर आणि थर्स्टन यांनी अमेरिकेत ते पुढे नेलं, आणि १९८८ पर्यंत वायनर यांनी ते फेम्टोसेकंदांच्या पल्सवर उत्तम जमवलं. सुरुवातीचे मुखवटे कोरलेल्या काचेचे होते. नवा आकार हवा, तर नवी काच. १९९० पासून त्यांच्या जागी लिक्विड क्रिस्टल आले, म्हणजे घड्याळाच्या पडद्यात असतात तसेच, पण संगणकाने चालवता येणारे.

१९९४ मध्ये प्रिन्स्टनला वॉरन वॉरन यांच्या गटाने वेगळी वाट काढली. मुखवटा म्हणून त्यांनी स्फटिकातला आवाज वापरला. रेडिओ लहरींनी स्फटिकात ध्वनिलहर उठवायची आणि त्या लहरीवरून रंग विखरू द्यायचे. आवाज सरकत असतो, मग मुखवटा हलणार नाही का? हिशेब करा: स्फटिकात आवाजाचा वेग सेकंदाला चारेक किलोमीटर धरला, तर १०० फेम्टोसेकंदांत तो ०.४ नॅनोमीटर सरकतो, म्हणजे एक-दोन अणूंइतका. प्रकाशाच्या लेखी तो आवाज गोठलेलाच. त्या निबंधाच्या लेखकांत देबब्रत गोस्वामी होते, आणि डॉना स्ट्रिकलंडही.

या पद्धतीने दुभागण्याचा अर्थच बदलला. मुखवट्यावर योग्य नक्षी उठवली, की एका पल्समधून दोन पल्सेस बाहेर पडतात, हव्या तेवढ्या अंतराने, हव्या त्या तालात. बीम स्प्लिटर नाही, दोन हात नाहीत, सरकता आरसा नाही. मायकेल्सनच्या एका आरशाला २०० नॅनोमीटरचा धक्का बसला, तरी ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाची उजळ पट्टी काळी होते. इथे दोन्ही पल्सेस त्याच आरशांवरून, त्याच रस्त्याने जातात, म्हणून धक्का बसला तर दोघींना सारखाच बसतो आणि वजाबाकीत निघून जातो. १९९१ मध्ये फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी आयोडीनच्या रेणूंवर ताल बांधलेल्या दोन पल्सेस सोडून त्यांचं व्यतिकरण पाहिलं होतं. त्यासाठी त्यांना इंटरफेरोमीटरचे हात सतत सांभाळावे लागले. २००३ मध्ये वॉरन यांच्या गटाने आवाजाचा मुखवटा वापरून, हात न सांभाळता, द्विमितीय वर्णपटमिती करून दाखवली.

कुलाब्यात दोन वाटा

गोस्वामी नंतर मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये आले. २००३ मध्ये त्यांनी तिथूनच, पल्सला आकार देण्याच्या सगळ्या पद्धती आणि त्यांनी रेणूंवर ताबा कसा मिळवता येईल, यावर "फिजिक्स रिपोर्ट्स" मध्ये सुमारे शंभर पानांचा आढावा लिहिला. पुढे ते आयआयटी कानपूरला गेले. या विषयात शिरायचं असेल तर तो आढावा आजही वाचा, उपकरणांची निवड का आणि कशी करायची हे त्यात नीट समजतं.

त्याच आवारात जी. रवींद्र कुमार यांच्या प्रयोगशाळेत दुसरी, जुनी वाट चालू होती: आरसा आणि स्प्लिटर. २००२ मध्ये संधू, धर्माधिकारी, राजीव आणि कुमार यांनी, गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या सेनगुप्ता, दास आणि कौ यांच्यासोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. १०० फेम्टोसेकंदांची प्रखर पल्स घन पदार्थावर आदळवायची, आणि मागून दुबळी पल्स पाठवून तिच्या ध्रुवीकरणात काय बदल होतो ते बघायचं. त्यातून दिसलं, की तिथे २७ मेगागॉसचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते जेमतेम ६ पिकोसेकंद टिकतं. पृथ्वीचं क्षेत्र अर्धा गॉस धरलं, तर हे पाच कोटी पटींहून जास्त. आणि त्या ६ पिकोसेकंदांचा सगळा इतिहास आरशाच्या ०.९ मिलिमीटर सरकण्यात मावतो.

मग इथे मुखवटा का नाही वापरायचा? हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. एक तर मुखवट्याने दोन पल्सेसमध्ये ठेवता येणारं अंतर मर्यादित असतं. रंग किती बारीक वेगळे करता येतात, त्यावर ते ठरतं. १२८ घरांच्या लिक्विड क्रिस्टलवर ४० नॅनोमीटर पसरले, तर सगळी मुभा सात पिकोसेकंदांच्या आसपास संपते. आरशाची पट्टी लांब घेतली की नॅनोसेकंदही गाठता येतात. दुसरं म्हणजे मुखवटा प्रखर पल्स सोसत नाही. आवाजाच्या मुखवट्याला आणखी एक अडचण आहे: ध्वनिलहर स्फटिकभर पसरायला काही मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला हजार पल्सेस असतील तर प्रत्येकीला नवा आकार देता येतो, पण सेकंदाला आठ कोटी असतील तर नाही. लिक्विड क्रिस्टलला एवढी घाई चालत नाही, पण एकदा ठरवलेला आकार तो आठही कोटी पल्सेसना देतो.

आणि घरांचा मुखवटा १९६८ ची आठवण करून देतो. सलग नक्षीऐवजी चौकोनी घरं असल्याने मुख्य पल्सच्या पुढे-मागे बारीक भुतासारख्या पल्सेस उमटतात. त्या रेणूने दिलेल्या नसतात, मुखवट्याने दिलेल्या असतात. ज्याला हे माहीत नाही, तो त्यांच्यावर निबंध लिहून बसेल.

तुमच्यासाठी

पुढच्या वेळी अतिलघु पल्सवरचा कुठलाही निबंध हातात घ्याल, तेव्हा निष्कर्षाकडे जाण्याआधी तीन गोष्टी शोधा. पल्सची लांबी कशाने मोजली, आणि उंचीचं प्रमाण दिलंय की फक्त रुंदी? ती मोजणी नमुन्याच्या जागी केली की लेझरच्या तोंडाशी, कारण मधल्या भिंगांनी आणि खिडक्यांनी ती तोवर पसरलेली असू शकते? आणि दोन पल्सेस वेगळ्या हातांतून आल्या की एकाच रस्त्याने, म्हणजे दिसणारा थरथराट नमुन्याचा की टेबलाचा? वहीत तीन रकाने आखा आणि दहा निबंधांसाठी ते भरा. काही रकाने रिकामे राहतील. मुलाखतीत बोलायला तेच सगळ्यात उपयोगी पडतील, आणि त्यातल्याच एखाद्यातून तुमचा पहिला प्रयोग निघू शकतो.